अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बेळगाव महापालिकेनं घर बांधावं का? आणि ठेका कोणत्या अटींवर द्यावा?

शहापूरकर

माझी पुतणी कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करते. तिच्या शहरानं दीर्घकालीन शुश्रूषेचं नवं केंद्र बांधायचा ठेका मंजूर केला, असं ती परवा फोनवर सांगत होती. मला वाटलं खासगी हॉस्पिटल असेल. तसं नाही. दक्षिण ऑन्टारिओतल्या वरच्या स्तरावरच्या (आपल्या जिल्हा पंचायतीसारख्या) आणि एकस्तरीय नगरपालिकांना स्वतः किंवा शेजाऱ्यांबरोबर मिळून असं एक तरी केंद्र चालवावंच लागतं, असा तिथं कायदा आहे. टोरांटो शहर तर स्वतःची 10 केंद्रं चालवतं.

फोन ठेवला आणि आईचे दिवस आठवले. लकवा मारल्यावर ती 3 वर्षं 4 महिने अंथरुणावर होती. हॉस्पिटलनं अकराव्या दिवशी सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पातळ खाऊ घालायचं, कपडे बदलायचे, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. जखम झालीच. बायकोनं शाळेची नोकरी सोडली. बाई ठेवली, 12 तासांचे 650 रुपये. पाच बाया बदलल्या. वृद्धाश्रमात विचारलं तर सगळीकडं एकच उत्तर: "स्वतःचं स्वतः करणाऱ्यालाच घेतो."

म्हणजे चालत्याफिरत्या म्हाताऱ्याला वृद्धाश्रम आहे, आजारी माणसाला हॉस्पिटल आहे, आणि जो बरा होणार नाही पण जगणार आहे त्याला काहीच नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 19 आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्यांनी उभारावा, असं त्यात आहे. पण तो निराधारांसाठी. घर आहे, मुलं आहेत, तरी उचलायला हात नाहीत अशांचं काय?

माझं म्हणणं असं की बेळगाव महापालिकेनं असं केंद्र बांधावं. ठेका देताना मात्र नुसता चौरस फुटाचा दर बघू नये. पुढं चालवायला माणसं किती लागणार आणि त्यांचा पगार कुठून येणार, हे आधी ठरावं, मगच निविदा निघावी.

खानापूर रोड

शहापूरकर, आईचं वाचून वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे.

महापालिकेचं पहिलं काम पाणी, गटार, कचरा. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो, भात कुजतं. 2008 मध्ये निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी आलं, बाकीचं शहर त्यानंतर वर्षानुवर्षं वाट बघत बसलं. जी संस्था नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत पोचवू शकत नाही, ती तुमच्या आईची कूस दर दोन तासांनी बदलेल?

आमच्या भागात एक सार्वजनिक इमारत बांधून झाली, फीत कापली, आणि तिला चार वर्षं कुलूप आहे. माणसं नेमली नाहीत म्हणून. बांधकामाला निधी मिळतो, कारण बांधकाम दिसतं. पगाराला मिळत नाही.

रात्रपाळी

मी 22 वर्षं नर्स आहे. दोघांचंही पटतं, पण मधली गोष्ट दोघांनी सोडली. इमारत कशी आहे त्यावर किती माणसं लागणार हे ठरतं.

तीस खाटांवर रात्री दोघीच असतात तेव्हा टेबलाजवळ बसून किती खाटा दिसतात, याला फार महत्त्व असतं. कॉरिडॉर वळणाचा असेल तर शेवटच्या खोलीतला माणूस पडल्याचं सकाळी कळतं. न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची आणि धरणारी बाई दोन्ही एकदम जायला हव्यात. बहुतेक ठिकाणी एकच जाते, मग माणसाला उचलावं लागतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांची कंबर त्यात गेली. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. कागदावर तसं असतं. जागेवर मी स्वतः एकास सहा मोजलाय.

कॅनडाचं म्हणाल तर तिथंही सगळं छान नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत त्या देशातल्या मृत्यूंपैकी सुमारे 80 टक्के मृत्यू अशा केंद्रांतले आणि ज्येष्ठांच्या निवासांतले होते. जुन्या इमारतींत एका खोलीत चार-चार खाटा होत्या, साथ एकीकडून दुसरीकडं गेली. ऑन्टारिओत नव्या बांधकामाला एका खोलीत जास्तीत जास्त दोघं आणि एका विभागात जास्तीत जास्त 32 जण असा नियम आहे. आपण बांधणार असू तर त्यांची चूक पैसे देऊन परत का विकत घ्यायची?

काळी माती

सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आहे, सरकारी कामं केली आहेत. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीचा पारदर्शकता कायदा 1999 चा. निविदा ऑनलाइन, दोन पाकिटांची पद्धत: आधी तांत्रिक, त्यात टिकला त्याचंच दराचं पाकीट उघडायचं, मग सगळ्यात कमी दर. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते सगळं पहिल्या पाकिटाच्या अटींत आणि नकाशात आलं पाहिजे. नंतर "दर्जा बघा की" म्हणून उपयोग नाही, अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात.

जागेचंही बघा. शहराच्या पूर्वेला काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिथं पाया खोल आणि खर्चिक. कमी दर भरलेला ठेकेदार पैसा वाचवतो तो पायाच्या कामात, कारण पाया मातीखाली गेला की कुणाला दिसत नाही. तीन वर्षांत फरशी उचलते. आपण अडखळून सावरतो, ऐंशी वर्षांच्या बाईचं खुब्याचं हाड मोडतं. हिंडलग्याच्या बाजूला लाल माती, जांभा. जागा तिकडं मिळाली तर अर्धी काळजी मिटली.

आणि बांधणाऱ्यालाच पहिली पाच वर्षं चालवायला लावा. 2008 च्या पाणी योजनेत जाळं उभारणाऱ्यानंच काही काळ ते चालवायचं होतं. खराब बांधलं तर त्रास त्यालाच.

खानापूर रोड

पाइप गळला तर मीटरवर दिसतं. म्हाताऱ्याला सकाळपासून ओल्या कपड्यात ठेवलंय हे कुठल्या मीटरवर दिसणार? काँक्रीट ओतणाऱ्याला माणसं सांभाळायला देऊ नका. तो माणसांतच पैसे वाचवेल, दुसरीकडं वाचवायला जागाच नाही.

रात्रपाळी

हे मात्र खरं. मीही तसंच म्हणते. बांधकाम वेगळं, शुश्रूषा वेगळी.

वडगावची सून

मी दुसरं सांगते. माझे मामंजी तालुका कचेरीत नोकरीला होते. तीस वर्षं कन्नडातून कागद लिहिले, साहेब लोक त्यांच्याकडून मसुदा करून घ्यायचे. विसरायला लागले तसं कन्नड आधी गेलं. मग शाळेतली मराठी गेली. शेवटी राहिली ती त्यांच्या गावची, खानापूरकडची बोली. "न्ह्यारी दे गं" म्हणायचे, आईशी बोलल्यासारखे.

सांभाळायला बैलहोंगलकडची पोरगी होती. गुणी, हाताची हलकी. ती म्हणायची, "अज्जा, ऊटा माडरी." ते तोंड फिरवायचे. दोन दिवस घास घेतला नाही, आम्हाला वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी मी तिला शिकवलं, "आजोबा, जेवा की." तिनं म्हटलं, आणि ते जेवले. ती रडायलाच लागली.

म्हणून माझी एकच अट. तिथं काम करणाऱ्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही बोलता यावं. उर्दू बोलणारा कुणी पाळीला असावा. हे ठेक्यात लिहा.

खानापूर रोड

ताई, हे लिहिलंत की काम संपलं. आपल्याकडं पाटीवरच्या अक्षरांवरून रस्ते अडतात. पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, असा नियम आहेच. त्यात भाषेची अट घातली तर दोन्ही बाजूंचे पुढारी येतील, आणि म्हातारे घरीच कुजतील.

वडगावची सून

मी पाटीबद्दल बोललेच नाही हो. पाटी काय हवी ती लावा. रात्री दोनला पाणी मागणाऱ्याचं म्हणणं कळावं, एवढंच. सौंदत्तीच्या कन्नड आजीलासुद्धा मराठी बाई मिळाली तर तेच हाल होणार. अट दोघांसाठी आहे.

रात्रपाळी

यांचं बरोबर आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी जाते, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय. ही औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे. "रुग्णाच्या मातृभाषेत संवाद" असं लिहा, कुणाला खटकणार नाही.

निपाणीकर

तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडं विडी वळून बोटं वाकडी झालेल्या बायका आहेत. मुलगा पुण्यात किंवा इचलकरंजीत. संध्या सुरक्षा या सरकारी वृद्ध पेन्शनचे महिन्याला 1,200 येतात. शहापूरकरांनी सांगितलेल्या दरानं बाईचे दोन दिवसही भागत नाहीत. त्यांना बेळगावात आणून ठेवलं तर भेटायला कोण येणार? आणि गाव सुटलं की माणूस लवकर जातो, हे मी माझ्या आत्यात पाहिलंय.

केरळनं 2008 मध्ये वेदनाशमन आणि शुश्रूषेचं धोरण आणलं. तिथं ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या मदतीनं नर्स घरोघरी जाते. जखम धुते, नळी बदलते, घरच्या माणसाला शिकवते. इमारत नाही, ठेका नाही. कोट्यवधी सिमेंटात घालण्यापेक्षा दहा नर्सेस आणि दोन गाड्या द्या.

शहापूरकर

निपाणीकर, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. आईच्या वेळी आठवड्यातून दोनदा अशी नर्स आली असती तर पाठीची जखम झाली नसती, एवढं मान्य. पण बायकोची नोकरी वाचली नसती. नर्स तासाभरात जाते, उरलेले तेवीस तास घरातल्या बाईचे. "वृद्धांना घरीच ठेवावं" म्हणताना ते तेवीस तास कुणाचे, हेही बोललं पाहिजे. बहुतेक घरांत ते सुनेचे असतात.

म्हणून मी माझी मागणी बदलतो. आधी 30-32 खाटांचा एकच विभाग. त्यातल्या काही खाटा पंधरा दिवसांपुरत्या, घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून. तिथूनच घरोघरी जाणाऱ्या नर्सेस. बांधकाम आणि शुश्रूषा हे दोन वेगळे ठेके. आणि पाच वर्षांच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात दिसल्याशिवाय बांधकामाची निविदा काढू नये.

खानापूर रोड

शेवटची अट खरोखर पाळली तर मी विरोध करणार नाही. पाळतील यावर माझा विश्वास नाही. नाल्याचं मी सोडलेलं नाही.

निपाणीकर

खाटा आधी आणि नर्सेस नंतर असं झालं तर नर्सेस येणारच नाहीत. नर्सेस आधी पाठवा. मी यावर ठाम आहे.

शहापूरकर

आयुक्तांना अर्ज लिहितोय, मराठीत आणि कन्नडात. निपाणीकरांचा क्रम वेगळा मुद्दा म्हणून घालतो, माझ्या मतासारखा दाखवणार नाही. माझं कन्नड कागदोपत्री लिहिण्याइतकं नाही. कुणी मसुदा बघून देईल का?

खानापूर रोड

पाठवा, बघून देतो. नाल्याचा एक परिच्छेद मी घालणार.

रात्रपाळी

खिडकीची उंचीही लिहा त्यात. काठ खाटेच्या पातळीला हवा. आमच्याकडं तो चार फुटांवर आहे, पडून असलेल्याला वर्षानुवर्षं नुसतं छत दिसतं.