एसएनएफ ८.५ वरून ८.२ वर आला, कोणती पावडर द्यावी? (बजेट ३ हजार)

भूमकर_गोठा: राम राम. दोन एचएफ (होल्स्टीन, परदेशी जातीच्या) गायी दुभत्या हायेत. फॅट ३.५ च्या वरच लागतंय, पण एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घट्ट भाग) घसरला अन् दर कापायलेत. पेंड तीच, चारा तोच. ३ हजारांच्या वर जमणार नाही, सोयाबीनचे पैसे अडकलेत.

लातूरचा_पाटील: दूध काढायचं यंत्र घ्या. मी ४२ हजारांचं घेतलं, बटण दाबलं की मोकळा.

भूमकर_गोठा: पाटील, बजेट वाचा की.

देवणीवाला_उदगीर: एचएफ बांधली की हे आलंच. माझ्या देवणीला (आपली गावठी जात) ११ वर्षांत दगडी (कासेचा सुजेचा आजार) माहीत नाही.

लातूरचा_पाटील: दूध देती किती? तांब्याभर!

देवणीवाला_उदगीर: तांब्याभरच. पण तुमच्यासारखं डॉक्टरचं घर चालवत नाही.

जालना_डेअरी: भांडण बाजूला ठेवा. भूमकर, पावडरीआधी कास बघा, दगडीनं बी एसएनएफ पडतो. पहिल्या दोन-चार धारा काळ्या ताटलीत काढा, गाठी दिसतील. नाही दिसल्या तरी छुपी दगडी असू शकते, सीएमटी (दगडी ओळखायची दुधाची चाचणी) करा. चार खणांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं दूध वेगळं, तेवढंच सीएमटीचं द्रावण, गोल फिरवा. जेली झाली की ते सड बिघडलेलं. त्या गायीची धार शेवटी काढा. धार झाली की सडं पोव्हिडोन आयोडीनच्या डिपमध्ये (जंतू मारायच्या द्रावणात) बुडवा अन् पुढं वैरण टाका. अर्धा तास तरी गाय बसू देऊ नका, सडाचं तोंड उघडं असतं.

परळीची_ताई: पाटीलदादा, यंत्राच्या रबराचं बी सांगा. आमचं चिरलेलं, कुणी बदललंच नाही. एकीची दगडी तिघींना लागली.

बीडकर_७२: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून कासेला लेप. एनडीडीबीवाले (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ) बी हेच सांगतात.

नांदेड_एक्सप्रेस: पहिल्या धारा काळ्या ताटलीत बघा.

परळीची_ताई: वर तेच लिहिलंय भाऊ.

भूमकर_गोठा: सीएमटी केली. मोठीच्या मागच्या दोन्ही सडांत जेली. डॉक्टरांनी सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या, ते दूध वासराला बी दिलं नाही, केंद्रावर बी घातलं नाही. उजवं सुधारलं. डावं जुनंच गाठाळलेलं, सासरे म्हणले आटवून टाका. आटवलं. आता तीन सडांवर काढायलोय.

जालना_डेअरी: गाभण गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) ट्यूबा सोडल्या असत्या तर पुढच्या वेताला चौथं सड बी सुधारलं असतं कदाचित. घाई केली.

भूमकर_गोठा: असू द्या. डिपचा डबा घेतला, पावडर बी घेतली एक पोतं. मनाला बरं वाटतं.

लातूरचा_पाटील: यंत्राची चौथी नळी बूच लावून बंद करता येते बरं का. विचार करा.