मदत हवी आहे: बंड्याच्या पायाचा ब्रेस घालू की काढू?

आमचा बंड्या लॅब्रेडोर आहे, 8 वर्षांचा, वजन 38 किलो (जास्त आहे, माहितीये. सासूबाई आणि तूप-पोळी.) महिन्यापूर्वी सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा उजवा पाय उचलूनच धरायला लागला. डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला, नडगीचं हाड पुढे सरकत होतं. लिगामेंट गेलंय म्हणाले. ऑपरेशन करावं लागेल, पण हृदयाचा एक ठोका त्यांना खटकला, त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत भूल द्यायची नाही. तोवर ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बाहेरून आधार देणारा बिजागरीचा पट्टा, चालेल म्हणाले.

मी ऑनलाइन मागवला. तो झोपलेला असताना टेपने मांडी मोजली होती. पहिले दोन दिवस मस्त, पाय टेकवून चालला. मला इतका आनंद झाला की रात्रीही काढला नाही. चौथ्या दिवशी काढला तर टाचेच्या वर, मागच्या बाजूला केस गेलेले आणि रुपयाएवढा लालभडक चट्टा, ओलसर. आता ब्रेस हातात घेतला की साहेब पलंगाखाली.

किती तास घालायचा असतो? खाली मोजा घालू का? आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

प्रतिसाद १: ताई, आधी ब्रेस बाजूला ठेवा. चट्टा सुकून डॉक्टर हो म्हणेपर्यंत घालू नका. मोजा तर नकोच, घडी पडली की तिथेच काचतं. पुन्हा सुरू कराल तेव्हा 15-20 मिनिटं, दिवसातून दोनदा, तेही तुमच्या डोळ्यांसमोर. मग हळूहळू वाढवा. झोपताना काढायचाच. दर वेळी काढल्यावर केस उलटे फिरवून कातडी बघा, पंजाची बोटं दाबून बघा. पंजा सुजला किंवा गार लागला तर पट्टे आवळलेत.

माप उभं असताना घ्यायचं, चारही पायांवर. कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती, त्यामुळे ब्रेस घसरतोच. बिजागरी गुडघ्याच्या रेषेत हवी. ती नडगीवर उतरली की आधार जातो आणि खालची कड टाचेला घासते. तुमचं तेच झालंय बहुतेक. पाठीवरून पट्टा येणारा प्रकार बघा, कमी घसरतो.

प्रतिसाद २: जिन्यासाठी जुनी ओढणी पोटाखालून घ्या, मागच्या पायांच्या अगदी पुढे, आणि वजन तुम्ही उचला. नर आहे, तेव्हा शूच्या जागेवर दाब येत नाही ना बघा, आमचा त्यामुळेच अर्ध्या जिन्यात बसकण मारायचा. फरशीवर रबरी मॅट टाका, सतरंजी त्याच्यासकट घसरते. आणि कितीही कण्हला तरी घरातली आयबुप्रोफेन वगैरे देऊ नका. कुत्र्यांना पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

प्रतिसाद ३: थोडं कडू बोलतो. ब्रेसने तुटलेलं लिगामेंट जुळत नाही. 38 किलोच्या कुत्र्यात तर ‘चालतोय ना’ म्हणून ऑपरेशन लांबवू नका. सगळा भार डाव्या पायावर येतो आणि मग तोही गुडघा जाऊ शकतो, आमच्याकडे वर्षाच्या आत गेला. इको कधी आहे? जवळ सोय नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. पोळी मात्र आजपासून बंद.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी चट्ट्याभोवतीचे केस कापले, मलम दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. आज उभं करून मोजलं, मांडीच्या घेरात 4 सेंटीमीटरचा फरक! इको गुरुवारी आहे. पोळीचं सासूबाईंना मिस्टर सांगणार आहेत, मी नाही.

एकच राहिलं. परवा शू करायला नेला तर पावसात ब्रेस भिजला, आतलं अस्तर पंख्याखाली दुसऱ्या दिवशीही दमटच. नवा मागवताना अस्तराचा जादा जोड मिळतो का कुठे?