मदत हवी आहे: बी.ए. संगीत, झपतालाची तिगुन लिहिताना सम हुकते

कोमल_धैवत
शिवाजी विद्यापीठ, बी.ए. पहिलं वर्ष, संगीत (गायन). प्रात्यक्षिकाचं टेन्शन नाही, लेखीचं आहे.
झपतालाची (दहा मात्रांचा ताल) दुगुन, म्हणजे दुप्पट लय, जमते. तिगुन, म्हणजे तिप्पट, लिहायला घेतली की एकतर बोल (तालाची अक्षरं) उरतात, नाहीतर समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आधीच संपतात. शिवाय स्वरलिपीत (स्वर लिहिण्याच्या खुणांत) सारखे मार्क जातात. क्लासमध्ये मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत स्वरलिपीची पलुस्कर पद्धत होती, कॉलेजात भातखंडे आहे. आणि तंबोरा घ्यायचाय, मुलगी आहे, पट्टी (माझा सा) काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी.

खर्ज_कोल्हापूर
हिशोब शेवटाकडून कर. एका आवर्तनाची (ठेक्याची एक फेरी: धी ना धी धी ना ती ना धी धी ना) तिगुन म्हणजे १० भागिले ३, ३⅓ मात्रा. म्हणून सुरुवात ६⅔ मात्रा झाल्यावर, सातवीच्या पोटात:
७ – ऽऽधी (ऽ म्हणजे रिकामी जागा)
८ – नाधीधी
९ – नातीना
१० – धीधीना, की सम.
पहिल्या सहा मात्रा ठायीतच, म्हणजे साध्या लयीत. चौगुनीला अडीच मात्रा लागतात, म्हणून आठवीत ऽऽधीना. एकताल त्या मानानं गरीब: १२ भागिले ३, थेट नवव्या मात्रेपासून.

मात्रा_मोजणारा
वरचं बरोबर, पण प्रश्न नीट वाचायचा. तिगुन समेपासून मागितली असेल तर १० मात्रांत ठेका तीनदा बसतो: धीनाधी, धीनाती, नाधीधी, नाधीना... असं. दोन्हीकडे टाळी १, ३, ८ आणि खाली (टाळी न देण्याची मात्रा) ६ जागच्या जागी. पोरं बोलांबरोबर खुणाही सरकवतात, मग सगळंच चुकतं.

खर्ज_कोल्हापूर
स्वरलिपीचा घोळ टिंबात असणार. पलुस्करांत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), भातखंड्यांत तार (वरचं). मंद्राचं टिंब खाली येतं. यमनातला 'नि रे ग' जुन्या सवयीनं लिहिलास तर तपासणारा तार नि वाचतो. तसंच मध्यमावरची उभी रेघ: भातखंड्यांत तीव्र, पलुस्करांत तार सप्तक. समेला × घाल, १ नको. खालीला शून्य, अधिक नको. कोमलला स्वराखाली आडवी रेघ. उत्तरपत्रिकेत सुरुवातीलाच पद्धतीचं नाव लिही आणि त्या पानावर दुसरी घुसवू नको. मिसळ तेवढी फडतऱ्यांची बरी.

जवारीवाला
तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बघ, जायच्या आधी पट्टी सांग. पुरुषी पट्टीचा मोठा तंबोरा काळी पाचला चढवला तर तारा तुटतात. जवारी (तारेखाली दोरा घालून येणारा झंकार) तिथंच, तुझ्याच पट्टीत लावून घे. दोरा जरा इकडंतिकडं सरकला की झंकार बसतो. तो तारांखालच्या घोडीवर बोटानं हळूहळू सरकवायला शिकून ये. तोवर मोबाईलवरचा तंबोरा चालेल, पण मालकंसाला पहिली तार मध्यमात ठेव, मारव्याला निषादात. दोन्हीत पंचम वर्ज्य, आणि ॲप उघडलं की पंचमच वाजतो.

कोमल_धैवत
मालकंस पंचमावरच चालू होता! बदलते. तिगुन रुपकात कशी लिहायची?

मात्रा_मोजणारा
७ भागिले ३, २⅓. पाचव्या मात्रेत ऽऽती, सहावीत तीनाधी, सातवीत नाधीना. लक्षात ठेव, रुपकाची सम खालीच्या मात्रेवरच असते.