मदत हवी आहे: मुलं आकृती अचूक काढतात, पण योजना बदलत नाहीत

नमस्कार. पुण्यात एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला सामाजिक उद्योजकता शिकवते. सिस्टिम्स थिंकिंगच्या, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर आणि फिरून पहिलीवर कसा परिणाम होतो ते पाहण्याच्या, भागात अडकले आहे.

एका गटाची योजना अशी: दुष्काळी गावांत शेततळ्याचा प्लास्टिक कागद हप्त्यावर द्यायचा. मुलं मनापासून काम करणारी, पुरंदर तालुक्यात चार दिवस राहून आलेली. मी विचारलं, तळं भरणार कशानं? "पावसानं." पण त्यांनीच तिथे विहिरीवर मोटर लावून भरलेली तळी पाहिली होती. जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, त्यातलं काही वाफ होऊन जाणार. शेजाऱ्याची विहीर आटली की तो बोअर घेणार, मग पहिल्याला आणखी मोठं तळं हवं. ही साखळी मुलांनी फळ्यावर सुरेख काढली, उलट फिरून येणाऱ्या बाणांसकट. आणि पुढच्या आठवड्यात तीच योजना जशीच्या तशी मांडली!

दुष्काळातून सावरलेल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरणही दिलं. वहीत काय उतरलं, तर 'पोपटराव पवारांसारखा सरपंच हवा'. पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवणं, शेतीसाठी बोअरला बंदी, हे राहूनच गेलं. माणूस लक्षात राहतो, नियम राहत नाही.

माझ्याकडे दोन-दोन तासांचे चार वर्ग आहेत. कुणी वर्गात करून पाहिलेलं काही आहे का, ज्यानं मुलांना आपली योजना स्वतःहून मोडावीशी वाटेल? आणि गुण कशाला द्यावेत? आकृतीला दिले की ती आकृतीच सजवत बसतात.

प्रतिसाद १

ताई, आम्ही चिंचोक्यांचा खेळ घेतो. मडकं म्हणजे गावाचं भूजल. प्रत्येक गट एक शेतकरी. दर फेरीला पावसाचे थोडे चिंचोके टाकायचे, मग ज्यानं त्यानं हवे तितके काढायचे. तिसऱ्या फेरीत तुमच्या मुलांचा कागद एकाला हप्त्यावर द्या. बाकीच्यांचं काय होतं ते त्यांनाच मोजू द्या.

मग नियम बदलून पुन्हा खेळा. विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत पुरंदरचीच, १९७२ च्या दुष्काळानंतरची. पाणी जमिनीवर नाही, माणशी: डोई अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. मडकं तेच, पाऊसही तेवढाच. शेवटी एकच प्रश्न विचारा: या दुसऱ्या गावात तुम्ही काय विकाल? गुण या उत्तराला द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. कागद त्यांनाच खेळात विकायला लावायचा, हे सुचलंच नव्हतं. येत्या गुरुवारी घेते. एक शंका आहे: मडकं उघडं ठेवता की झाकून? खऱ्या गावात खाली किती उरलंय ते कुणालाच दिसत नाही, म्हणून पहिला डाव झाकून आणि दुसरा उघडा खेळावा असं वाटतंय. पण मग फरक नियमामुळे पडला की दिसल्यामुळे, हे मुलांना कसं कळणार?

प्रतिसाद १

तीन डाव घ्या. मधला उघडा, पण नियमाशिवाय.