पहिला ऑइल फिल्टर आणताना तुम्ही काय बघितलं होतं?

जुळे_सोलापूर
वडिलांची २००४ ची मारुती ८०० आता माझ्याकडे आली आहे. इतकी वर्षं ऑइल बदलायचं काम ते आणि त्यांचा ठरलेला मिस्त्री मिळून करायचे. मिस्त्री कायमचे गावी गेले, वडिलांना खाली वाकवत नाही. येत्या रविवारी घरासमोरच मी स्वतः बदलणार आहे. ऑइलचा डबा आणून ठेवलाय. फिल्टरसाठी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्यानं विचारलं, "कुठला देऊ, कंपनीचा का लोकल? नमुना आणलाय का?" मला काहीच सांगता येईना, उद्या येतो म्हणून परत आलो. तुमच्यापैकी ज्यांनी पहिला फिल्टर स्वतः जाऊन आणला असेल त्यांनी सांगा. काय विचारलं, काय बघितलं, कुठं चुकलं?

चाटी_गल्ली
१९९८ ची दिवाळी तोंडावर आली होती. अशोक चौकाजवळ आमच्या ह्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता, सहा लूमचा. हे सुतासाठी इचलकरंजीला गेलेले. इकडे मिस्त्री सकाळीच येऊन आमच्या सेकंडहँड ८०० च्या चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट काढून बसला. काळं ऑइल घमेल्यात उतरलं, जुना फिल्टर निघाला, आणि मग तो म्हणाला, "वहिनी, नवा फिल्टर आणायचा राहिलाय की." गाडी अंगणात उघडी. मी म्हटलं, मी आणते.

त्यानं जुना फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वरून मी कारखान्यातला डागी टॉवेल गुंडाळला आणि लुनाच्या पायाशी ठेवून निघाले. तरी साडीच्या काठाला ऑइल लागलंच. तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

दुकानात सगळी गॅरेजची माणसं. कुणाला क्लच प्लेट हवी, कुणाला फॅन बेल्ट. मला बघून काउंटरवरच्या आजोबांनी हात पुढं केला, "द्या बघू." गाडी कोणती हेसुद्धा विचारलं नाही. फिल्टर पुसला, खोक्यातून नवा काढला, दोन्ही शेजारी ठेवून उंची बघितली. ड्रॉवरमध्ये आटे पाडलेला एक लोखंडी तुकडा होता, तो आधी जुन्यात फिरवला, मग नव्यात. "आटे जुळले, घेऊन जा." मी विचारलं, ह्याच्या आत असतं काय? गर्दी असूनही त्यांनी फिल्टर उलटा करून दाखवला. कडेची ही बारीक भोकं, इथून ऑइल आत शिरतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात परत जातं. ८५ रुपये झाले. लुनावरून येताना मला फार बरं वाटत होतं.

आता मुद्द्याचं. नव्या फिल्टरच्या तोंडाशी काळी रबरी रिंग होती. जुन्याच्या तोंडाशी नुसती रिकामी खाच. दोन्ही माझ्या हातात होते आणि हा फरक मला दिसलाही होता. जुना आहे, रबर झिजून गेलं असेल, असं समजून मी कुणाला काही बोलले नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही सासूबाईंना घेऊन अक्कलकोटला निघालो. वळसंग ओलांडलं आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. ह्यांनी तिथल्या तिथं इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली, म्हणून इंजिन वाचलं. मागं रस्त्यावर काळी रेघ उमटलेली. सासूबाई नैवेद्याचा डबा मांडीवर घेऊन लिंबाखाली दोन तास बसल्या. ह्यांनी एसटीडी बूथवरून मिस्त्रीला फोन केला, तो एम-८० वर ऑइलचा डबा बांधून आला. फिल्टर सोडवला तर एकावर एक दोन रिंगा! जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, नवी तिच्यावर बसली आणि ऑइलचा दाब वाढल्यावर सरकली. ज्या रिकाम्या खाचेकडं मी बघत उभी होते, तिथली रिंग गाडीवरच होती.

म्हणून सांगते बाळा, जुना फिल्टर निघाला की आधी त्याची खाच बघ. रिंग नसेल तर ती इंजिनवर आहे. तिथं फडक्यानं पूस, बोट फिरवून बघ, मगच नवा लाव.

तुळजापूर_टॅक्सी
काकूंनी अगदी वर्मावर बोट ठेवलं. आमच्या वडिलांची अँबॅसडर होती. तिला असा डबा फिल्टर नव्हता. लोखंडी वाटी, मधून लांब बोल्ट, आणि आत कागदाचा एलिमेंट, म्हणजे गाळणी. दुकानात जाऊन "एलिमेंट द्या" म्हणायचं. खोक्यात रबरी रिंगही यायची. जुनी रिंग वरच्या खाचेत इतकी घट्ट बसलेली असायची की वडील गोधडीच्या दाभणानं उकरून काढायचे. पहिला एलिमेंट मी दहावीत असताना आणला, पण रिंग काढायचं काम त्यांनी मला पुढं दोन वर्षं दिलं नाही.

एमआयडीसी_शिफ्ट
मी कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, तपासणीत काम केलंय, त्यामुळे लोकल फिल्टरबद्दल लिहितो. त्या दांड्यावरच्या उंचवट्यांचा, म्हणजे कॅमचा, पृष्ठभाग आरशासारखा घासून काढलेला असतो, ऑइलमधली बारीक कचही त्यावर ओरखडा पाडते. फिल्टर तुंबला तर आतली बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढं जातं. दिवा लागत नाही, गाडी पळत राहते, आपल्याला पत्ता लागत नाही. कंपनीचाच घे, तोही अधिकृत काउंटरवरून. नव्या रिंगला बोटानं ऑइल लाव. रिंग टेकली की हातानंच पाऊण फेरा आवळ, पाना लावू नकोस.

जुळे_सोलापूर
काकू, रविवारी केलं. जुना फिल्टर निघाल्या निघाल्या उलटा करून बघितला. रिंग खाचेतच होती. तरी इंजिनवर बोट फिरवलं. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते, त्यांनी जुना फिल्टर मागून घेतला आणि स्वतःही एकदा बघितला. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. एकही थेंब नाही. संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वर तलावापर्यंत चक्कर मारून आलो.

चाटी_गल्ली
छान. उद्या सकाळी गाडी थंड असताना गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइल बघ, आणि वर्तमानपत्र आज रात्रभर तसंच राहू दे.