ईम गावातला प्लेग: ३५० पैकी २६० की ७०० पैकी?

प्रश्न
इंग्लंडमधल्या डार्बीशर परगण्यातल्या ईम गावाच्या १६६५-६६ च्या प्लेगबद्दल एका ठिकाणी '३५० पैकी २६० गेले' असं आहे, दुसरीकडे गावाची लोकसंख्याच ७०० दिली आहे. कोणता आकडा धरावा? आणि साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःवर घातलेल्या गावबंदीचा खरंच उपयोग झाला का?

प्रतिसाद १
मृतांच्या आकड्यावर फारसा वाद नाही. पॅरिश रजिस्टरवरून (चर्चच्या नोंदवहीवरून) तो २६० च्या आसपास येतो. वाद आहे तो छेदाचा, म्हणजे गावाच्या एकूण लोकसंख्येचा. ३५० धरले तर ७४ टक्के गाव गेलं, ७०० धरले तर ३७ टक्के. लोकसंख्या मोजायला हाताशी येतं ते चूलपट्टीचं दप्तर. इंग्लंडात १६६२ पासून दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. त्यात चुली मोजल्यात, माणसं नाहीत. म्हणून आधी घरं मोजा, मग घरटी साडेचारच्या आसपास माणसं धरून गुणा. थेट चुलींनाच गुणलं की मोठ्या घरांमुळे आकडा फुगतो. उलट करमाफी मिळालेले गरीब यादीत नसले तर तो घटतो. मला ७०० जास्त पटतो.

प्रतिसाद २
तारखाही जपून घ्या. तेव्हा तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. पहिला बळी, शिंप्याकडचा जॉर्ज विकर्स, याची नोंद ७ सप्टेंबर १६६५ ची. तिच्यानंतर येणारा 'फेब्रुवारी १६६५' म्हणजे आपला फेब्रुवारी १६६६. यादी संगणकावर तारखेनुसार लावली की हे मृत्यू साथीच्या आधी जाऊन बसतात आणि मोजणीतून निसटतात. अशा नोंदींना '१६६५/६६' लिहा.

प्रतिसाद ३
गावबंदी जून १६६६ ची, म्हणजे साथ सुरू होऊन नऊ महिने उलटल्यावर. रेक्टर (गावच्या चर्चचे धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे, पदावरून काढलेले टॉमस स्टॅन्ली यांनी मिळून ती ठरवली. चर्च बंद, प्रार्थना कक्लेट डेल्फच्या घळीत उघड्यावर, मृतांना घरच्यांनीच जवळपास पुरायचं, हद्द ओलांडायची नाही. अन्न चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशर पाठवत. इतर मालाचे पैसे शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला हद्दीच्या दगडातल्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये ठेवत. माझ्या मते काम केलं ते अंतराने, व्हिनेगरने नव्हे. शेजारची गावं वाचली. गावातल्यांना मात्र किंमत मोजावी लागली: २०१६ च्या एका अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसांकडून माणसांना (उवा-पिसवांमार्फतही) झाल्याचं निघालं. म्हणूनच मृत्यू घराघरांत साचलेले दिसतात. गावाजवळच्या रायली इथे एलिझाबेथ हॅन्कॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. त्या कबरी आजही गावाबाहेर शेतात आहेत.