अनुभव धागा: पुणे आणि सासवडच्या मुक्कामात पाय कसे सावरायचे?

आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री राहते, मग एका मोठ्या वाटचालीनंतर सासवडला पुन्हा दोन रात्री. पुढे लोणंद-फलटणचा जादा मुक्काम तिथीच्या घट-वाढीवर ठरतो. म्हणजे खात्रीचे थांब्याचे दिवस दोनच, तेही सुरुवातीलाच. जाणत्यांनी नेमकं लिहावं. भक्तिभावाची वर्णनं इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

दिंडीची व्यवस्था पाहणारे

पुण्यात माणसं थांब्याच्याच दिवशी जास्त दमतात. माऊली भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि दिंड्या उतरतात शाळांत, मंगल कार्यालयांत, कुठेही. दोन्ही दर्शनरांगा, खरेदी, नातेवाइकांकडचं जेवण असं करता करता आठ-दहा किलोमीटर सहज होतात. दुसऱ्या दिवशी सासवडचा टप्पा, सगळ्यात लांब, तिशीच्या पुढे. दिवे घाट लागतो तोही अंगात बळ उरलेलं नसताना. शिवाय त्या दिवशी बहुधा एकादशी.

म्हणून पुण्यात एकच रांग धरा. तुकोबांची पालखी पुढे पंढरपूरजवळ वाखरीला भेटतेच. कपडे पहाटेच धुवून टाका. दुपारी पावसाची सर आली की वाळत नाहीत, आणि ओलसर धोतर किंवा चड्डी घालून घाट चढलं की जांघा सोलवटतात.

पायांच्या मलमपट्टीची सेवा करणारी

आमच्याकडे सासवडला सगळ्यात जास्त येतात ते फोड, आणि त्यातले बरेच जण स्वतःच कातडी सोलून आलेले असतात. कातडी काढू नका, तीच खरी पट्टी. लहान, न दुखणारा फोड तसाच ठेवा. मोठा आणि ताणलेला असेल तर पाय साबणाने धुवा, नव्या निर्जंतुक सुईने कडेला, खालच्या बाजूने एक-दोन छिद्रं पाडा, स्वच्छ कापसाने पाणी दाबून काढा. मलम, वर न चिकटणारी पट्टी, मग चिकटपट्टी. सुरकुती राहिली तर तिथेच दुसरा फोड येतो. हे थांब्याच्या दिवशी सकाळी करा, म्हणजे दिवसभर पाय कोरडा राहतो. रात्री केलं तर पहाटे ओल्या पट्टीवरच चालावं लागतं. मधुमेह असलेल्यांनी सुई लावूच नये, थेट वैद्यकीय पथकाकडे जावं.

नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. पाय उशीवर किंवा पिशवीवर छातीपेक्षा वर ठेवून वीस मिनिटं पडा, दिवसातून तीन-चार वेळा.

दुखण्यात फरक ओळखा. दोन्ही पोटऱ्या भरून आल्या असतील तर एका दिवसात सुटतात. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर नेमक्या एका जागी कळ येत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि एकादशीला रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी नको. उपास, घाम आणि गोळी एकत्र आले की पोट बिघडतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. दर वर्षी सांगतो, दर वर्षी कुणीतरी घेतंच.

दिंडीच्या ट्रकवरचे

थांब्याच्या दिवशीच मोठी पिशवी उघडा आणि उद्याचं लागणारं काढून घ्या. पहाटे ट्रक भरताना कुणाची पिशवी शोधत बसायला वेळ नसतो. औषधं नेहमी खांद्यावरच्या झोळीत.

वीणेकरी

काकडा, हरिपाठ, कीर्तन थांब्याच्या दिवशीही असतातच. ज्याचे पाय सुजलेत त्याला वीणेच्या पहाऱ्याला, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन पाळीने उभं राहायला, लावू नका. एका जागी उभं राहिलं की सूज उतरत नाही. त्याला बसून टाळ द्या.

मलमपट्टीवाल्या ताईंच्या लिखाणाला जोड

दिवसभर झोपून राहिलं तर सांधे आखडतात आणि जेजुरीच्या वाटेवर पहिला तास लंगडत जातो. सासवडला संध्याकाळी ऊन उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाला, उद्या घालायच्याच चपला घालून. पट्टी सरकते का, अंगठा टोचतो का, ते तेव्हाच कळतं आणि बदलायला रात्र हाताशी असते. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्ध्या तांब्यात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्या.